दोन क्वार्टरांत एक खंदक

एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचं विमान दौंडवर आलं नाही. पण आमच्या परसात युद्ध झालं, आणि ते देशाच्या युद्धापेक्षा जास्त चाललं.

जंक्शनचं गाव, म्हणून रेल्वेच्या चाळीत हुकूम आला की दोन क्वार्टरांमागे एक खंदक खणा. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या परसामध्ये कुंपण नव्हतं, काकूंचा शेवगा होता. सासूबाई आणि काकू जुन्या मैत्रिणी. शेंगा दोन्ही घरांत शिजायच्या. खंदक खणताना शेवग्याची मुळं तुटली. जागा सासूबाईंनीच दाखवली असं काकूंनी ठरवून टाकलं आणि बोलणं बंद केलं.

भोंगा वाजला की आम्ही तिघी त्याच खंदकात. दोघी तोंडं फिरवून, मधे मी नवी सून.

"तिला सांग, गुडघा आवर म्हनावं. माझ्या हद्दीत येतोय," काकू म्हणायच्या.

"तिला म्हनावं, खंदक सरकारी हाय," सासूबाई म्हणायच्या.

एकदा वैतागून मी म्हणाले, "ऐकू आलं की त्यांना."

"तरी सांग," सासूबाई म्हणाल्या.

नवरा इंजिनावर फायरमन, सदा गाडीवर. मी काकूंशी दोन शब्द बोलले तर सासूबाई जेवायच्या नाहीत. विमानाची भीती मला वाटलीच नाही. देवाला म्हणायचे, देशाचं तू बघशीलच, आधी ह्या दोघींना बोलतं कर.

युद्ध संपलं. पेढेसुद्धा माझ्याच हातून इकडून तिकडे गेले. खंदक बुजवायचा हुकूम आला, तर काकू म्हणाल्या, माती तिच्या दारात पडलीय, तिनं लोटावी. सासूबाई म्हणाल्या, खड्डा तिच्या झाडाखाली, तिनं बुजवावा. मग त्यात कोंबड्या पडायच्या आणि मी काढायचे.

उन्हाळ्यातल्या वावटळीत शेवगा आडवा झाला, नेमका आमच्या अंगणात. सासूबाई कोयता घेऊन बाहेर आल्या. मग कोयत्यानं एक फांदी तोडून त्यांनी खंदकात उभी केली आणि माती लोटायला लागल्या. काकू दारात आल्या. मी सवयीनं मधे जाऊन उभी राहिले.

"वाकडी लावलीस," काकू थेट म्हणाल्या.

"मग धर की तू."

मला रडू आलं. देव पावला होता.

संध्याकाळी पडलेल्या झाडाच्या शेंगांची आमटी केली आणि दोघींना ओट्यावर वाढली. दोघींनी भुरका मारला, एकमेकींकडे पाहिलं.

"खारट हाय," सासूबाई म्हणाल्या.

"लईच," काकू म्हणाल्या. "हिला माहेरी काय शिकिवलंच न्हाई."

तो तह दोघींनी मरेपर्यंत पाळला. स्वयंपाक मीच करत होते.