हवालदारबाईंची शेवटची परीक्षा

"अटक केली. पुढं काय?"

"आधी त्याला बसवायचं. पाणी द्यायचं."

"पुस्तकात पाणी कुठंच लिहिलेलं नाही."

"मग पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात कुणाला पळून धरलेलं नाही. धरलेल्याला धाप लागते, धरणाऱ्यालाही लागते."

"बाईसाहेब, धापेला मार्क नाहीत. का अटक केली ते त्याला सांगायचं, त्याच्या घरी कळवायचं, वकील हवा का विचारायचं. म्हणा बघू."

"म्हणते. आधी ती पँट उरका, बाहेर गिऱ्हाईक ताटकळलंय."

ओठांत टाचण्या धरून कायदा शिकवणारे हे मास्तर म्हणजे हवालदारबाईंचे यजमान. धंद्यानं शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये कापडाचे गठ्ठे. शिलाई मशीनच्या फळीवर कायद्याचं पुस्तक उघडं, पान उलटू नये म्हणून त्यावर कात्री ठेवलेली. समोर स्टुलावर हवालदारबाई. अंगात खाकी, पायात घरातल्या चपला, आणि मांडीवर काजं करायला घेतलेला कुणाचा तरी सदरा. एरवी अख्खं पोलीस ठाणं बाईंच्या आवाजाला दचकायचं, पण इथं त्या टाचण्यांमधून आलेला ओरडा खात होत्या.

त्याला कारणही तसंच होतं. वरून नवा नियम आला होता. यापुढं तपासाच्या टेबलावर बसायचं तर कायद्याचं प्रमाणपत्र पाहिजे. लेखी पेपर, मग प्रात्यक्षिक. नापास होईल त्याची रवानगी मुद्देमालाच्या खोलीत, म्हणजे जप्त केलेल्या चीजवस्तूंची राखण करायला. बाईंनी ऐन उमेदीतली वर्षं गेटवर उभं राहून काढली होती, तेव्हा कुठं ते टेबल मिळालं होतं. मोडक्या खुर्चीसकट त्यांचा त्याच्यावर जीव होता.

"आयुष्यभर माणसांशी बोलले," त्या म्हणायच्या, "आता काय गंजक्या सायकलींची जबानी घेऊ?"

लेखी पेपर कसाबसा निघाला. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. पहिल्या खेपेला दोन शिपायांना भांडणारे शेजारी बनवून समोर उभं केलं होतं. उमेदवारानं दोघांचं ऐकून गुन्हा नोंदवायचा. बाईंनी ऐकलं. मग एकाला झापलं, दुसऱ्याला गोंजारलं, दोघांना एकमेकांची माफी मागायला लावली आणि घरी पाठवून दिलं. ते बिचारे खरंच गेले. परीक्षकांनी विचारलं, "गुन्हा कुठाय?" बाई म्हणाल्या, "मिटला." मार्कांच्या रकान्यात भोपळा.

"दोन पोलिसांत समेट करणारी जगातली पहिली पोलीस," यजमान पुढं महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत होते.

आता दुसरी खेप, आणि तीच शेवटची.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बाकं भिंतीला सारून मधोमध खोटी घरफोडी मांडलेली. उघडं कपाट, फुटलेली काच, खाली पडलेला एक पाना. काम एवढंच, की पंचनामा करायचा. पंचनामा म्हणजे जागा जशी दिसली तशी लिहून काढायची, आणि ती पाहायला पोलिसांबाहेरची दोन माणसं उभी करून त्यांच्या सह्या घ्यायच्या. ते पंच. परीक्षेत पंच कुठून येणार? म्हणून सगळे उमेदवार मनातली दोन नावं ठोकून मोकळे होत होते. एकानं तर आपल्या दोन्ही मेहुण्यांना बसल्या जागी पंच करून टाकलं.

बाईंनी कागद घेतला, पेन उघडलं, आणि थांबल्या. समोर पंच उभे नाहीत आणि आपण पंचनामा लिहितोय, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सगळी खाकी. दारात शाळेचा शिपाई झाडू घेऊन उभा होता. त्याला त्यांनी खुणेनंच बोलावलं. राहिला एक. परीक्षक दोघं होते. एक अधिकारीबाई, आणि दुसरे काळ्या कोटातले वकीलसाहेब.

"साहेब, तुम्ही पोलीस नाही ना?"

"मी परीक्षक आहे."

"ते दिसतंय हो. पोलीस नाही ना?"

"नाही, पण..."

"मग या इकडं. बघून या, काच तुडवाल."

वकीलसाहेब आले. असा आवाज त्यांनी बहुधा लहानपणी आईचाच ऐकला असावा. बाईंनी त्यांना कपाटापाशी उभं केलं, शिपायाला काचेपाशी.

"हात लावायचा नाही. काय दिसतं ते सांगा."

"चोरानं पान्यानं काच फोडून..."

"चोर दिसतोय?"

"नाही."

"मग पाना सांगा नुसता."

हळूहळू वकीलसाहेबांना गोडी लागली. गुडघ्यावर बसून त्यांनी काचेचे तुकडे दाखवले, शिपायाशी कपाटाच्या कडीवरून हुज्जत घातली. शेवटी बाईंनी सगळं वाचून दाखवलं, दोघांनी सह्या ठोकल्या. सही वाळली तेव्हा कुठं वकीलसाहेबांना आठवलं की काखेत मार्कांचा कागद आहे.

"अहो, मी तर साक्षीदार झालो! आता हिला मार्क कसे देऊ?"

"सही कशाला केलीत?" अधिकारीबाई कडाडल्या.

"तिनं कर म्हटलं!"

हवालदारबाईंना आता कुठं उमगलं. शेवटची खेप, आणि परीक्षकच हातानं बाद करून ठेवलेला. नजरेसमोर सायकलींची रांग उभी राहिली.

"मग माझ्या मार्कांचं काय?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मी एकटी देईन," अधिकारीबाई म्हणाल्या. ते काही दिलासा म्हणून नव्हे. मार्क देताना त्यांचा हात असा आखडायचा, जणू पदरचं सोनं मोडून द्यायचंय. त्यांनी कागद ओळीओळीनं तपासला. सुरुवातीची वेळ लिहायची राहिलेली. मार्क कापले. पूर्वेची खिडकी पश्चिमेला लिहिलेली. आणखी कापले. खाडाखोडीवर सही नाही. पुन्हा कापले. कापत कापत काठावर आल्या, आणि पंचांच्या त्या दोन खऱ्या सह्यांपाशी त्यांचं पेन अडखळलं. बाई काठावर पास.

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. "पूर्व-पश्चिम चुकली?"

"हॉलला चारी बाजूंनी खिडक्या होत्या."

"सूर्यही चारी बाजूंनी उगवत होता का?"

"पास झालेय मी. आता टोमणे बास."

प्रमाणपत्र आलं, तसं ठाण्याच्या साहेबांनी बाईंना बोलावलं. मेहुण्यांना पंच करणारा त्याच ठाण्यातला. तो खाली मान घालून शेजारी उभा होता. त्याच्या मागं ठाण्यातले बाकीचे, मनातल्या पंचांपायी सगळे नापास, प्रत्येकाच्या हातात आपापल्या तपासाच्या फायलींचा गठ्ठा.

"ताई, अभिनंदन. आता ठाण्यात प्रमाणपत्रवाले आपण दोघंच. तुम्ही आणि मी."

"मग फायली निम्म्या निम्म्या?"

"मी साहेब आहे, ताई."

गठ्ठे बाईंच्या टेबलावर येऊन पडले. एकावर एक, पार डोळ्यांच्या रेषेपर्यंत. मेहुणेवाला जाता जाता पुटपुटला, "मुद्देमालाच्या खोलीत पंखा आहे म्हणे."

"तिथं बसून मेहुण्यांना वारा घाल," बाई म्हणाल्या. मोडकी खुर्ची पुढं ओढली, वरची फाइल उघडली आणि दाराकडं पाहून आवाज दिला, "कुणाच्या गोदामाचं कुलूप तोडलंय? आत या. सगळे नको, ज्याचं तुटलंय तो एकटाच."