बावडीने ठेवून घेतलेला आवाज

"बावडीत उतरण्याआधी टीममधल्या सगळ्यात नव्या माणसाने आत वाकून मोठ्याने म्हणायचं, 'मी आहे!' आणि हे का, ते कुणी कधी विचारायचं नाही."

जयेंद्रगंजमधल्या आमच्या ऑफिसचा हा नियम. आम्ही जुन्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, साफ करून दुरुस्त करतो. असल्या कामात किस्से गाळासारखे साचतात. कितीही उपसा, तळाशी थोडे उरतातच!

*

काम सुरू होण्याआधी काठावर टीमची ओरिएंटेशन मी घेते. हेल्मेट, दोर, पंप, विषारी वायू, सगळं समजावते. ऑफिसातले सगळ्यात जुने मोघेकाका तेवढा वेळ खुर्चीत घोरतात. माझं संपलं की बरोबर डोळे उघडतात.

"हो गया तुझं? आता खरी ओरिएंटेशन!"

*

मागच्या कामात सगळ्यात नवा होता रोहित, दर्पण कॉलनीतला. तो वाकला आणि ओरडला, "मी आहे!"

प्रतिध्वनी आलाच नाही.

"चांगलं झालं," काका म्हणाले. "ठेवून घेतला."

संध्याकाळी रोहितने आईला फोन केला. आई म्हणाली, "कोण बोलतंय?"

अजूनही रोज तेच विचारते. समोर असला की ओळखते, फोनवर नाही!

*

त्याच बावडीत एका दुपारी पंप बंद होता. खालून रोहितचा आवाज आला, "चाय आली का?"

रोहित माझ्या शेजारी बसला होता. तोंडात अख्खी कचोरी!

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने घास गिळला. "ताई, तू काही ऐकलं नाहीस. ठीक है?"

*

आमचे मुख्य, शिर्केसर. घराणं फौजेतलं, मिशा भारदस्त. पण आवाज असा, की भर बाजारात ओरडले तरी रिक्षावाला वळून बघत नाही. आम्हाला बोलवायला टेबलावर घंटी ठेवली आहे!

एकदा मी विचारलं, "सर, घसा कुणाला दाखवलात का?"

"घशात काही नाही गं. तरुणपणी खडा आवाज होता माझा. नाटकात राजा व्हायचो."

"मग?"

काकांनी डोळे वटारले. "सवाल नको."

*

गेल्या महिन्यात नवी बावडी मिळाली. नवी आमच्यासाठी, सरांचं नोकरीतलं पहिलं काम हीच बावडी होती.

या वेळी सगळ्यात नवी होती जुही. ती गाणं शिकते, पहाटे उठून रियाज करते. थोड्याच दिवसांत तिची गाण्याची परीक्षा होती.

"चल बेटा, बोल दे," काका म्हणाले.

जुही वाकली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"ती नाही म्हणणार. मीही नाही. कुणीच नाही!"

काका भडकले. "तू क्या हमसे ज्यादा जानती है? नियम आहे!"

"मग नियमाला सांगा, आमच्याकडून काही मिळणार नाही."

सर पुटपुटले, "अगं, मग काम सुरू कसं होणार?"

"नाही झालं तरी चालेल! तुम्ही आवाज दिला होतात ना, सर? काय मिळालं? एक घंटी!"

खाली पाणी हललं नाही. पण तिथून एका तरुणाचा आवाज आला. खडा, भरदार, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा.

"बरोबर बोलतेय ती!"

काकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं.