उजव्या बाजूच्या दोन थापा

गेल्या हिवाळ्यात, कराडलगतच्या मलकापुरात, मी एका घोडीच्या डाव्या खांद्याला मालिश करत असताना तिच्या उजव्या खांद्यालाही मालिश झालं. वेळ भर दुपारची होती. घोडीच्या उजव्या बाजूला भिंत होती.

आधी स्वतःबद्दल थोडं. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होते. 'विहिरीतून रडण्याचा आवाज', 'बंद घरात दिवा' असल्या बातम्या तालुक्यांतून यायच्या. 'कोणी पाहिलं?' एवढंच कडेला लिहून मी त्या परत पाठवायचे. बहुतेक पुन्हा यायच्या नाहीत. भूत, करणी, बाहेरचं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. म्हणून इथे मी पाहिलं, हाताला जाणवलं आणि दुसऱ्याने ऐकलं, तेवढंच लिहिते.

नोकरी सोडल्यावर मी पुण्यात घोड्यांचं मालिश शिकले. आता सांगली-मिरजेपासून कराडपर्यंत वरातीच्या घोड्या आणि शर्यतीचे घोडे बघते. खरारा कसा करायचा ते दाखवणं, खूर, हिरड्या, लीद तपासणं, आखडलेलं अंग मोकळं करणं. औषधपाणी जनावरांच्या डॉक्टरांचं.

मलकापूरला मला डॉक्टरांनीच पाठवलं. तिथे शौकतभाई आणि त्यांचे थोरले भाऊ मेहबूबभाई वरातीला घोडी द्यायचे. पावसाळ्याआधी कोयनानगरचं लग्न उरकून परतताना, पाटण यायच्या आधीच्या एका वळणावर त्यांचा टेम्पो उलटला. शौकतभाई पुढे ड्रायव्हरशेजारी होते. मेहबूबभाई मागे घोडीजवळ, तिच्या उजव्या बाजूला उभे होते. ते जागीच गेले. घोडी वाचली. तिचं नाव मैना.

मैनाच्या उजव्या खांद्याची जखम भरली, पण खांदा आखडत गेला. त्या बाजूला ती कुणाला हात लावू देईना. तबेल्यात उजवं अंग भिंतीला भिडवून उभी राहायची आणि सगळा भार डाव्या पायावर घ्यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — डावा खूर आताच गरम लागतोय. तो आतल्या हाडापासून सुटला तर ही घोडी उभी राहणार नाही, आणि मग तिला इंजेक्शन देऊन संपवण्याशिवाय त्यांच्या हातात काही राहणार नाही. उजवा खांदा लवकर मोकळा व्हायला हवा.

मी पोहोचले तेव्हा शौकतभाई हौदावर बादल्या घासत होते.

"आवं ताई, घोडीचं पार्लर ऐकलंवतं, आज बघाय मिळालं," ते म्हणाले. "माझीबी कंबर लय धरलीया. हिच्या आधी माझा नंबर लावा की."

"तुम्ही लाथ मारत नसाल तर लावते."

"आमच्या घरात इचारा... ती म्हणंल मारतो."

मग ते आत आले, मैनाच्या कपाळावर हात ठेवला आणि चेहरा बदलला. "ताई, हिला वाचवा. भावाचं एवढंच ऱ्हायलंय आमच्याकडं."

मी कामाला लागण्याआधी त्यांनी त्या घरची पद्धत सांगितली. मैनाला लहानपणापासून दोघं मिळून मालिश करत. डावीकडे शौकतभाई, उजवीकडे मेहबूबभाई. दोघांचे हात एका चालीत. मालिश संपलं की उजवीकडचा माणूस घोडीच्या पाठीवर दोन थापा मारणार, मगच डावीकडच्याने हात काढायचा.

"आधी काढला तर?"

"दाबती. अंगावर येती सरळ. तिला वाटतं, काम अर्धं टाकून पळाला. आता थापा मारणारं कुणी न्हाई, तवा तुमीच मारा आन् मग बाजूला व्हा. इसरू नगा हां."

हे मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. जनावराची सवय, एवढाच अर्थ लावला. शौकतभाई परत हौदावर बादल्यांकडे गेले.

जागेचं वर्णन आवश्यक आहे. मैना भिंतीला लागून उभी होती. मधल्या फटीत माझी मूठ जेमतेम गेली. भिंत पक्क्या विटांची, खिडकी नाही. डावीकडे मी आणि माझ्या पाठीशी लाकडी फळ्यांचं कुंपण. तिथून बाहेर पडायची वाट घोडीच्या तोंडासमोरून, दुसरी नाही.

डाव्या खांद्यापासून सुरुवात केली. इकडचं अंग सैल झालं की ती पलीकडे हात लावू देईल, असा अंदाज होता. मैना शांत होती. कान बाजूला पडले, खालचा ओठ सुटला. मग मला पलीकडून दाब जाणवला.

मी दाबलं की घोडीचं अंग माझ्याकडे किंचित ढकललं जाई. मी सोडलं की तेही सुटे. आधी वाटलं, तिचा श्वास असेल. मी चाल बदलली, मुद्दाम संथ केली. पलीकडची चालही संथ झाली. मी हात तसेच ठेवून थांबले. पलीकडचं थांबलं नाही. दाब, सोड. दाब, सोड. केसांवरून तळहात फिरतो तो आवाज मी रोज ऐकते. तोच आवाज येत होता, आणि माझे हात स्थिर होते.

घोडीच्या पाठीवरून भिंतीकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. मी हात काढले. थापा मारायचं सुचलंच नाही.

मैना आली. सगळ्या वजनानिशी. माझी पाठ फळ्यांवर आदळली, छाती तिच्या फासळ्यांखाली अडकली, श्वास आत घेता येईना. ओरडायला गेले तर आवाज फुटला नाही. घोडी रागावलेली नव्हती. कान अजून बाजूला पडलेलेच होते. तिला पलीकडून कुणी रेटत असावं तशी ती माझ्यावर टेकली होती. तिच्या अंगातून तो दाब माझ्या छातीपर्यंत पोहोचत होता. दाब, सोड.

शौकतभाईंचं बोलणं आठवलं. हात कसेबसे मोकळे करून मी परत तिच्या खांद्यावर ठेवले आणि पलीकडच्या चालीत चाल मिसळली. मैना जराशी सरकली. श्वास मिळाला. पण हात काढायची हिंमत नव्हती. मालिश करत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझी चाल चुकत होती, आणि पलीकडची चुकत नव्हती, हे मला कळत होतं.

मग थापा पडल्या. दोन. उघड्या तळव्याच्या, पाठीवर, भिंतीच्या बाजूने. मैनाने मोठा सुस्कारा सोडला आणि आपणहून भिंतीकडे सरकली. मी तिच्या तोंडासमोरून बाहेर आले आणि हौदापाशी खाली बसले.

"झालं व्हय, ताई?" शौकतभाईंनी विचारलं. "थापा ऐकल्या. बरं झालं, याद ठिवली तुमी."

मी मारल्या नाहीत, असं सांगितलं. ते बादली ठेवून उठले. आत जाऊन मैनाला बाहेर घेऊन आले. ती उजवा पाय टेकवत आली. उजवा खांदा तेलाने ओला होता, मानेपासून कोपरापर्यंत. मी तेल वापरत नाही. त्याने केसांत धूळ धरते. शौकतभाईंनी बोट लावून वास घेतला.

"ह्यो कापूर तेलात भाऊच घालायचा," ते म्हणाले. "तो गेल्यापास्नं घरात ह्ये तेलच न्हाई."

मी भिंतीमागे जाऊन आले. तिथे मोकळा प्लॉट आहे. ओल्या मातीत पाऊल उमटलेलं नव्हतं. भिंतीला भोक नाही. तबेल्यात तिसरं माणूस नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मैनाला तपासलं. डावा खूर निवला होता. एका बाजूचे स्नायू सैल केले की दुसरी बाजूही सैल पडते, असं त्यांनी मला समजावलं. हे खरं आहे. तेल आणि थापा त्यात बसत नाहीत. त्या तबेल्यात मी पुन्हा गेले नाही.

मैना आता वरातीला जाते. रोजचं मालिश शौकतभाई करतात, एकटे, डाव्या बाजूने. परवा मी त्यांना फोनवर विचारलं, हात कधी काढता?

ते म्हणाले, "थापा पडल्यावर."