पिवळ्या फुलाची हजेरी

आमच्या बाई रस्त्याने जाताना माणसांकडे कमी आणि भिंतींकडे जास्त बघायच्या. सौंसरच्या बाजारात ओळखीचं कोणी समोरून आलं तरी त्यांना पत्ता नसायचा, पण भिंतीच्या फटीत एखादं रोपटं दिसलं की पाय थबकलेच. लोक विचारायचे, "बाई, काही हरवलं काय?" बाई म्हणायच्या, "नाही जी, सापडलं."

त्यांचं सगळ्यांत लाडकं होतं एक पिवळं रानफूल. शाळेच्या मागच्या भिंतीतून त्याच्या नाजूक वेली लोंबायच्या. थंडीत बंगल्यांच्या कुंड्यांमध्ये स्नॅपड्रॅगन मिरवतात ना, त्यांचं हे गरीब नातलग. फूल नखाएवढं, ओठ मिटलेले. दोन्ही गाल हलकेच दाबले की तोंड उघडायचं. बाई विज्ञान शिकवायच्या, त्याचं शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक असणारच, पण आमच्याकडून ते कधी पाठ करून घेतलं नाही.

मी अडखळत बोलायची. हजेरीला "उपस्थित" म्हणताना पहिलाच 'उ' घशात अडकायचा. आधीच्या गुरुजींना तेवढा धीर नव्हता. मी समोर बसलेली असून माझी गैरहजेरी लागायची. थंडीत बाई बदलून आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी हे हेरलं. माझ्या हातात ते फूल ठेवून म्हणाल्या, "काऊन घाबरून राहिली? तू नको बोलू. तुह्याकडून हे बोलन."

माझं नाव आलं. मी गाल दाबले, फुलाने तोंड उघडलं, आणि बाईंनी गंभीरपणे हजेरी मांडली. वर्ग हसला तेव्हा म्हणाल्या, "त्याचा आवाज बारीक आहे. चूप बसान तर ऐकू येईन." त्या क्षणी मला बाई आईपेक्षाही जवळच्या वाटल्या. वार्षिक परीक्षेपर्यंत माझी मीच बोलू लागले. आता पांढुर्ण्याच्या एका शाळेत शिकवते, आणि तिथे बडबडी म्हणून बदनाम आहे.

मागच्या हिवाळ्यात बाईंना लकवा झाला, वाचा गेली. कळल्याबरोबर बस पकडली. आधी शाळेत गेले. मागच्या भिंतीला प्लास्टर झालं होतं, फक्त नळाजवळच्या फटीत दोन फुलं उरली होती. एक घेतलं.

"कोणाकडं पाहूनच नाही राहिल्या," त्यांची सून म्हणाली. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी फूल त्यांच्या चांगल्या हातात ठेवलं आणि हजेरीला घेतात तसं त्यांचं पूर्ण नाव घेतलं. बराच वेळ काहीच नाही. मी पुन्हा हाक मारली नाही. त्याही माझ्यासाठी अशाच थांबायच्या.

मग बोटं हलली. फुलाने तोंड उघडलं.

"ऐकू आलं, बाई," मी म्हणाले.