हिवराखालचा डबा

निसळ सरांना देव कधी पटला नाही. तिसगावच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवला तर 'साखर जरा जास्त झालीय' एवढं म्हणून खाऊन टाकायचे, हात काही जोडायचे नाहीत. अशा माणसाच्या हातून माळावर नवा देव बसला, ही गोष्ट मी भेटेल त्याला चवीने सांगतो.

सरांची एकुलती एक मुलगी नीलांबरी. आई लवकर गेली, सरांनीच तिला वाढवलं. त्यांना लाड करता येत नसत, म्हणून ते तिच्यासाठी चौकटींची कोडी रचत. चार शेतकरी, चार पिकं, चार विहिरी. गोरक्षची विहीर कांद्याच्या रानात नाही, हरभरेवाल्याची विहीर ओढ्यापलीकडे आहे. नाही तिथे फुली मारत जायचं, उरेल ते उत्तर. ताटातलं जेवण गार व्हायचं आणि बापलेक एका फुलीवरून भांडत बसायचे.

आता ती कॅनडात असते. मागच्या खेपेला आली तेव्हा तिने सरांना एक खेळ दाखवला. रानात डबा लपवायचा आणि त्याचा ठावठिकाणा नेटवर टाकायचा. मग जगातल्या कुणीही यावं, तो शोधावा, आतल्या कागदावर आपलं नाव लिहावं आणि डबा होता तिथे ठेवून जावं. "बाबा, तुम्ही एक लपवा. कोडं घाला. मी येऊन शोधते," असं म्हणून ती विमानात बसली.

बोलणारा बोलून जातो. सरांनी मात्र खूणगाठ बांधली. ओढ्यापलीकडच्या माळावर, हिवराच्या झाडाच्या बुडाशी, दगडांच्या ढिगात त्यांनी स्टीलचा डबा ठेवला आणि नेटवर चौकटींचं कोडं टाकलं. उत्तरातून आकडे निघत आणि ते मोबाईलमध्ये घातले की नेमकी जागा दिसे. कोडं मुद्दाम सोपं ठेवलेलं. एकदा पुण्याची दोन पोरं मोटारसायकलवर आली आणि डबा शोधून नावं लिहून गेली. मी सरांचं अभिनंदन केलं, तर म्हणाले, "त्यांना कुणी बोलावलं होतं?"

डबा जागेवर आहे ना, हे बघायला त्यांची रोज सकाळी फेरी असे. आंघोळ उरकून निघायचे. ओढ्याला पाणी, म्हणून चपला अलीकडच्या काठावर काढायचे. अनवाणी माळ चढायचे, हिवराखाली गुडघे टेकायचे, दगड हलवून बघायचे आणि मग मान खाली घालून बराच वेळ बसायचे. आता लांबून बघणाऱ्याने यातून काय समजायचं?

शेळ्या राखणारी छबूबाई जे समजायचं ते समजली. एका सकाळी सर गेले, तर डब्यावरचा मोठा दगड शेंदराने माखलेला आणि पुढे खडीसाखर. सर तणतणत घरी आले आणि फडकं घेऊन मलाही ओढत माळावर घेऊन गेले. छबूबाई तिथेच होती.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

"म्या. ज्या दगडापुढं मास्तर रोज वाकतो, त्यो काय साधा हाय व्हय?"

"अगं, मी इथे काही मागायला येत नाही."

"मंग कशाला येता?"

सरांना खोटं बोलता येत नाही. "पोरीची वाट बघतो," ते म्हणाले.

"त्येच की. माजा आदिनाथ टोळीसंगं कोपरगावला ऊस तोडाया गेल्ता. टोळी माघारी आली, त्यो तिकडंच ऱ्हायला. फोन बी उचलत न्हाई. म्या बी त्येच मागती."

सरांनी फडक्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा नीलांबरीचा फोन आला. "बाबा, सुटलं. ओढ्यापलीकडचा हिवर ना?"

सरांचा असा खुललेला चेहरा मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. "गोरक्षच्या विहिरीला अडलीस की नाही?"

"अडले. तरी दहा मिनिटांत सुटलं."

"मग येतेस कधी?"

"यंदा नाही जमायचं, बाबा. सुट्टीच नाहीये. तुम्हीच लिहून टाका ना माझं नाव."

"तसं चालत नाही," सर म्हणाले. "ज्याचं त्याने येऊन लिहायचं."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "दहा मिनिटांचं कोडं होतं. उघडायला तिला तीन वर्षं लागली." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. हातात नारळ. मी चपला सरकवल्या आणि निघालो. हिवराखाली त्यांनी नारळ फोडायला उचलला, तशी छबूबाई लगबगीने पुढे आली.

"पोरगी आली व्हय, मास्तर?"

"नाही."

"मंग फोडता कशाला? नवस फिटल्यावर फोडायचा. आदी नुसता ठिवायचा आन् बोलायचं."

"बोलायचं म्हणजे?"

"मोठ्यानं. नाव घिऊन."

सरांनी नारळ दगडापुढे ठेवला आणि घसा खाकरला. "नीला येऊ दे," ते म्हणाले. मग छबूबाईकडे बघून म्हणाले, "आणि आदिनाथ पण."

वर्गात हजेरी घेताना एखादं नाव पुकारून ते 'हजर' ऐकू येईपर्यंत थांबत, तसेच थोडा वेळ थांबले. मग आम्ही चपला घ्यायला ओढ्याकडे उतरलो.