नटावरचा पिवळा ठिपका

माझे वडील सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. शेजारणीने खीर आणून दिली तरी "गोड कमी हाय" म्हणतात आणि वाटी चाटूनपुसून परत करतात. त्यामुळे बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापुढच्या चढावर मी एका रेंगाळणाऱ्या कंटेनरला मागे टाकलं आणि शेजारच्या सीटवरून "भले गं!" असं ऐकू आलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. चाळिशी उलटलेली शिक्षिका मी, पण त्या दोन शब्दांवर आठवडाभर तरंगत होते.

गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. खोपोलीतल्या एका कारखान्याचे टँकर चालवण्यात त्यांचा जन्म गेला. "काट्याकडं नाय बघायचं, कान द्यायचा," हा त्यांचा धडा. माझी गाडी लहान, डिझेलची, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो बारीक शीळ घालतो आणि गाडी वर झेपावते. ती शीळ ऐकून कोणता गिअर टाकायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले. आई गेल्यापासून खोपोलीच्या घरात आम्ही दोघंच.

मी तेव्हा घाटावर, लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. रोज घाट चढायचा, रोज उतरायचा. तिथली प्रयोगशाळा मी शून्यातून उभी केली होती. बाटली न् बाटली माझ्या हाताने लावलेली, प्रत्येकीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली. निवृत्त होईपर्यंत तिथून हलायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

कंटेनरची गोष्ट होऊन काही दिवसांनी गाडी सर्व्हिसिंगला दिली. खालापूरला आमचा नेहमीचा मेकॅनिक आहे. वडिलांना काका म्हणतो, मला ताई. त्याची एक सवय मला फार आवडायची. बसवून घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर तो पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. दुसऱ्या कोणी हात लावला तर ठिपका मोडतो, मग ती जबाबदारी त्याची नाही. असा चोख माणूस शोधून सापडायचा नाही, असं मी शाळेत सगळ्यांना सांगायचे.

गाडी परत आली ती दमलेली. जिथे तिसऱ्या गिअरवर चढायची, तिथे दुसरा टाकावा लागे. शीळ तर ऐकूच येईना. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून माझा उद्धार करत. दोनदा गाडी मेकॅनिककडे नेली. दोन्ही वेळा त्याने खालच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मस्त हाय गाडी, ताई. टेन्शन नका घेऊ."

शेवटी वडिलांनाच सोबत घेऊन घाट चढले. त्यांचा कान खोटं बोलायचा नाही, अशी माझी खात्री होती.

"गाडीला काय झालं नाय," ते म्हणाले. "तुझा पाय हलका पडाय लागलाय. वय होतंय गं."

"आणि शीळ? शीळ येते का तुम्हाला ऐकू?"

"येते की. कान दाखव एकदा डॉक्टरला."

मी खरंच कान दाखवला. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मग दोष पायात असणार, असं मी धरून चालले. घाटाचा धसका घेतला. पावसात एकदा ऐन वळणावर गाडीने मान टाकली आणि मागे बस असताना हातभर मागे घसरली. वर्ष संपलं तशी लोणावळ्याची नोकरी सोडली आणि कर्जतच्या शाळेत लागले. खोपोली ते कर्जत रस्ता सपाट. वडिलांनी पेढे आणले. "बरं झालं, जीवाला घोर नाय," म्हणाले. लोणावळ्याची माझी जागा पंधरा दिवसांत भरली गेली.

पुढे वर्षभराने गाडीचा पट्टा किरकिरायला लागला. शाळेपासून दहिवली जवळ, म्हणून तिथल्या एका गॅरेजला गाडी दाखवली. तिथला फिटर बॉनेटमध्ये डोकं घालून पट्टा बघता बघता थांबला.

"ताई, टर्बोची हवा कोणी कमी केली?"

त्याने बॅटरीच्या उजेडात एक बोटभर दांडा दाखवला. त्याच्या टोकाचा नट सैल करून दांडा लांबवला, की टर्बोची झडप लवकर उघडते, पंखा फिरवणारा धूर आधीच निघून जातो, हवा कमी पडते आणि गाडीची ओढ मरते. "पण बेतानं केलंय. समोर दिवा लागू नये इतकंच. आपोआप होत नाय असं. बघा, नट परत आवळून वर रंग लावलाय."

नटावर पिवळा ठिपका होता.

मी तडक खालापूर गाठलं. मेकॅनिकला तो ठिपका दाखवला. खाली मान घालून तो म्हणाला, "काकांनी शपथ घातली व्हती, ताई. त्या कंटेनरच्या दुसऱ्याच दिवशी आलेले. पोरीच्या डोक्यात हवा गेलीय, जरा कमी कर, म्हणाले."

दुसऱ्याच दिवशी! "भले गं" म्हणणारं तोंडही तेच आणि हेही तेच. मी तिकडे तरंगत होते आणि इकडे माझे पंख छाटायची व्यवस्था चालली होती.

"आणि तू ठिपकाही लावलास?"

"केलेलं काम हाय ना, ताई. सवय हाय हाताला."

मला रडू आलं ते संतापानेच. पाना मागून घेतला, तो सांगत गेला तसा नट मी स्वतः फिरवून पूर्वीच्या खुणेवर आणला. त्याने रंगाची डबी पुढे केली. मी तिचं झाकण लावून त्याच्या हातात परत दिली.

त्या रविवारी वडिलांना म्हटलं, चला, वर जाऊन येऊ. पहिल्याच चढाला शीळ वाजली. त्यांचा हात खिडकीवरच्या कडीकडे गेला, म्हणजे त्यांना कळलं होतं. शिंग्रोबाचं देऊळ आलं की ते दर वेळी त्याची गोष्ट सांगतात: या धनगराने इंग्रज साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली. त्या दिवशी त्यांनी नुसते हात जोडले. मी वाट बघत होते. "मी केलं" एवढे दोन शब्द पुरले असते.

"पाय आला गं परत तुझा," ते म्हणाले.

"पाय कुठे गेला नव्हता, बाबा."

त्यांनी कडी आणखी घट्ट धरली. भीती वाटली होती तर तसं सांगायचं. माझ्या जीवाला जपत होते हे मला कळतं, मी काही दगड नाही. "मला भीती वाटते गं," एवढं म्हणाले असते तर मी जन्मभर कंटेनरच्या मागे रांगले असते. पण त्यांनी माझ्याच पायावर आणि माझ्याच कानावर आळ घेतला, आणि मी तो खरा मानला. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर आता दुसऱ्या कोणाच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत.

घरी आल्यावर मी लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि नटापासून दांड्यापर्यंत एक बारीक रेघ ओढली. नट जरासा फिरला तरी ती तुटेल. तेव्हापासून रोज सकाळी शाळेला निघण्याआधी बॉनेट उघडते आणि रेघ बघते. वडील पायरीवर चहा पीत बसलेले असतात.

"रोज काय बघतेस गं त्यात?" ते विचारतात.

"हवा," मी म्हणते.