बुधनच्या अंगणातले खूर

आधीच सांगते, भानामतीविरुद्ध पत्रकं छापून गावोगाव वाटणारी मी कार्यकर्ती आहे. असलं काही मला कुणी सांगितलं असतं तर त्याला चारचौघांत उभं करून प्रश्न विचारले असते. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

गेल्या दिवाळीचा पाडवा. वडगाव निंबाळकरच्या शिवारातला तात्यांचा गोठा, चौदा संकरित गायी. बाहेरून आलेल्या कामगारांना इथलं काम, जेवण, भाषा मानवते का, ते समाधानी आहेत का, असा आमच्या संघटनेचा फॉर्म होता. तो घेऊन दुपारी तीनला मी बुधनसमोर बसले. बुधन तात्यांच्या गोठ्यातला गडी, झारखंडचा, हजारीबागकडचा. चार वर्षांत इतका इथला झालाय की बोलणं इथलं, ठेचाही आमच्यापेक्षा तिखट लागतो त्याला. कामावर समाधानी? व्हय म्हणाला. माझं डोकंच फिरलं. चार वर्षांत एक दिवाळी घरी नाही आणि समाधानी! मालकाला घाबरतोस का, सरळ विचारलं.

"घाबरत न्हाय ताई. काम आवडतंय. पर आज तिकडं सोहराय हाय."

सोहराय म्हणजे त्यांच्याकडचा जनावरांचा सण. घरची बाई तांदळाची पिठी कालवून फाटकापासून गोठ्यापर्यंत नक्षीची वाट काढते आणि घरच्या जनावरांनी ती तुडवत आत यायचं. शेजारची चालत नाहीत. बुधनचा एकुलता बैल पावसाळ्यात मेला होता. वाट कोरी राहिली तर घरचा माणूस घराला विसरला, असं गाव समजतं. जाऊन एखादं वासरू आणावं म्हणून त्याने रजा मागितली होती. तात्यांनी दिली नाही. धारा कोण काढणार?

मी तिथंच भांडले. तात्या म्हणाले, "ताई, गाईला रविवार कळत न्हाय."

तुम्हाला तर कळतो ना, म्हटलं.

तेवढ्यात बुधनच्या बायकोचा, सरिताचा, व्हिडिओ कॉल आला. अंगण, पांढरी वाट, कडी घातलेलं फाटक... वाटेवर एकही खूर उमटलेला नव्हता. त्याने फोन खिशात टाकला, पाइप घेतला, गोठा धुतला, गायींचे पाय धुतले. मी दारात उभी होते — धुतलेले पाहिले.

धारेचं मशीन लावायला तो पहिल्या गाईपाशी वाकला आणि तसाच राहिला. तिचे चारही खूर पांढरे. दुसरीचेही. चौदाच्या चौदा! गायी दावणीलाच बांधलेल्या. चुना असेल म्हणून तात्यांनी बोट लावून वास घेतला. तांदळाची पिठी. ओली.

फोन पुन्हा वाजला. सरिता रडत होती की हसत होती कळेना. फाटकाची कडी तशीच, आणि वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवलेली. तिकडच्या गावठी जनावरांच्या दुप्पट मोठे खुरांचे ठसे. कडेने मातीत एक लांब ओरखडा. गोठ्यातली चंद्री मागचा डावा पाय ओढत चालते.

"माझी चंद्री पोचली," बुधन म्हणाला.

एरवी 'माझ्या गाया' करणाऱ्या तात्यांनी चंद्रीचा खूर पुन्हा बोटाने चाचपला.

व्हिडिओ खोटा म्हणाल, तर मग खुरांना पिठी कुठून? कुणी लावली म्हणाल, तर मी दारातून हलले नव्हते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, आमच्या संघटनेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना विचारलं. दोघांनी मलाच उलट प्रश्न विचारले. तरीही हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

बुधनच्या रजेची मागणी मात्र मी त्याच संध्याकाळी लेखी दिली. तात्या म्हणाले, "आता कशाला? गाया जाऊन आल्या की."

म्हटलं, गायी गेल्या, तात्या. बुधन अजून इथंच आहे.